ओटीपीमामा

मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कातल्या त्या इमारतीत पंढरीनाथमामांना शोधत कुणी गेलं, की वॉचमन आधी विचारतो, "कौन, वो ओटीपीवाले अंकल?" आणि मगच मजला सांगतो. माणसाच्या नाव कमावण्याच्या तऱ्हा असतात. कुणी गळ्यावर कमावतो, कुणी मनगटावर. मामांनी नाव कमावलं ते दुसऱ्यांचे आकडे वाचून दाखवण्यावर.

त्याचं असं झालं, की घराण्यात पहिला मोबाइल आला तो मामांकडे. बॅलार्ड इस्टेटच्या एका जहाज कंपनीत ते टेलिफोन ऑपरेटर होते. कानाला हेडफोन लावून जन्मभर इकडची लाइन तिकडे जोडून दिली. "होल्ड करा हं" हे इतक्या वेळा म्हटलं, की लग्नाची स्थळं आली तेव्हाही बहुतेक तेच म्हणाले असावेत. आधी पत्रिका अडली, मग आईचं आजारपण निघालं, मग वय अडलं आणि लग्न होल्डवरच राहिलं. पुढे कंपनीनं टेलिफोनचा बोर्डच काढून टाकला. "हिंदीसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन दाबा" म्हणणारी बाई तिथे आली आणि मामांना घरी पाठवताना सत्कारात हातावर काय ठेवलं, तर मोबाइल! म्हणजे बघा, ज्या जातीच्या यंत्रानं पोटावर पाय दिला, तेच शाल-नारळाबरोबर भेट. दुसऱ्या कुणी तो तिथल्या तिथे आपटला असता. मामांनी कव्हर घालून घेतलं. त्यांना राग धरता येत नाही, हाच त्यांचा मोठा दोष.

लालबागची खोली गेली, आई गेली, मामा मीरा रोडला एकटे राहायला आले. बहीण अंबिका डोंबिवलीला. तिचे यजमान लवकर गेलेले, पोरं क्षितिजा आणि जितेंद्र तेव्हा शाळेत. तिच्याकडे कसला मोबाइल? मग गॅसच्या बुकिंगला नंबर कुणाचा द्यायचा, तर दादाचा. क्षितिजाच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी ईमेल काढायचा होता, नंबर मामाचा. जितूचं तिकिटांचं खातं, नंबर मामाचा. शेजारच्या हेमालीबेनचा अल्पेशसुद्धा एकदा दारात उभा राहून म्हणाला, "अंकल, पासपोर्ट के लिए आपका नंबर डाल दूँ? मम्मी का फोन तो बंद ही रहता है." डाल दे बाबा! पुढे सगळ्यांकडे फोन आले, एकेकाकडे दोन दोन आले. पण चालतंय ना? मग कशाला हात लावा, हा आपला राष्ट्रीय बाणा. नंबर मामांचाच राहिला.

आणि म्हणून मामांचा फोन वाजायचा. "मामा, ओटीपी आला का?" कसा आहेस नाही, जेवलास का नाही. थेट ओटीपी. मामा चष्मा चढवायचे, आकडे वाचायचे, पलीकडून आवाज यायचा, "झालं. ठेवते." नाहीतर, "झालं. ठेवतो." संपला विषय.

हेमालीबेन वैतागायच्या. एक दिवस त्यांनी तोंडावरच सांगितलं, "पंढरीभाई, सब लोग तुमको मामा बनाते है."

"अहो बेन, मी आहेच मामा. बनवायचं काय राहिलं?" मामा म्हणाले आणि स्वतःच हसले.

हसले, पण खोटं कशाला बोला, त्या दोन-दोन मिनिटांच्या फोनांवर त्यांचा आठवडा उभा होता. फोन सदऱ्याच्या खिशात, आवाज पूर्ण मोठा. आंघोळीला जाताना प्लास्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला. कारण ओटीपी म्हणजे उन्हाळ्यातलं दूध, जरा उशीर झाला की नासलाच. लोकांना वाटे मामांना कामाची हौस. हौस कसली? दिवसभरात दूधवाला आणि टीव्ही सोडून त्यांच्याशी कुणी बोलत नसे. आपल्या आवाजाची गरज असलेलं माणूस जगात कुठेतरी आहे, एवढं त्या फोनवरून कळायचं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगायची लाज वाटायची.

शिवाय त्या मेसेजांतून मामांना घरादाराची खबर लागायची. जितू कधी गोव्याला गेला, अंबूनं गुडघ्याचा एक्सरे कधी काढला. गेल्या वर्षी तर क्षितिजाच्या नावानं पलंग पोचवणाऱ्यांचा कोड आला, आणि पत्ता बघितला तर पुण्यातला निराळाच. पोरीनं घर बदललं! मामांनी कोड वाचून दिला आणि वाट पाहिली, आता सांगेल. ती म्हणाली, "झालं. ठेवते." मामांनीही विचारलं नाही. बोर्डावर त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं, लाइन जोडली की आपला कान काढून घ्यायचा. दुसऱ्याचं बोलणं आपलं नसतं.

एकदाच काय ते बिनसलं होतं, आणि तेही कशावरून, तर एकोणसाठवरून. मामांची सवय जोडीनं आकडे वाचायची. "सदतीस, एकोणसाठ, चौदा" असं खणखणीत. क्षितिजा इंग्रजी शाळेतली. तिनं एकोणसाठ म्हणजे सिक्स्टी-नाइन टाकलं. चूक. पुन्हा कोड, पुन्हा कुठलातरी एकोण. पुन्हा चूक. खातं दिवसभरासाठी बंद पडलं.

"मामा, इंग्लिशमध्ये सांगत जा ना! एकोणसाठ काय, एकोणसत्तर काय, कोण बोलतं असं आता?"

"अगं, साठाला एक उणा तो एकोणसाठ. सोपंय."

"मामा, प्लीज!"

तेव्हापासून मामा "फाइव्ह, नाइन" असं सुटं सुटं म्हणू लागले. जीभ अडखळायची. पण पोरीचं काम अडायला नको.

आता मुख्य गोष्ट. मामांना मासळीचा नाद, आणि मासळी घ्यायची तर कोळ्यांच्या चौक गावालाच जाऊन. भाईंदरच्या पश्चिमेला उतरून बस पकडायची, उत्तन मागे टाकायचं, आणि थेट धक्क्यावर हौसाबाईच्या टोपलीसमोर उभं राहायचं. बेव्हर्ली पार्कच्या खाली मासे मिळत नाहीत असं नाही. पण हौसाबाई त्यांच्याशी भांडायची, आणि भांडणाला निदान पाच मिनिटं लागतात.

त्या दिवशी ती म्हणाली, "पापलेट न्हाय मामा, बोंबील हाय. घ्यायचा तं घ्या, न्हाय तं पुढं व्हा."

मामांनी बोंबील घेतले, पिशवी डाव्या हातात धरली आणि होड्या बघायला धक्क्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. तेवढ्यात खिशात फोन वाजला. क्षितिजा.

"मामा, पटकन! नवीन फोन घेतलाय, त्यात मेल उघडत नाहीये. तुझ्या नंबरवर कोड पाठवलाय. नव्या कंपनीला आज कागद पाठवायचेत आणि सगळे त्या मेलमध्ये अडकलेत. नाही पाठवले तर माझी नोकरी बोंबलेल."

"होल्ड कर हं बाळा, चष्मा लावतो."

एका हातात बोंबील, एका हातात फोन, तिसरा हात देवानं दिलेला नाही. मामांनी पिशवी कोपरात अडकवली, चष्मा नाकावर टेकवला, फोन स्पीकरवर टाकून मेसेज उघडला. "फोर... सेवन... फाइव्ह..." आणि पिशवी घसरली. ती सावरायला गेले, नि मासळीच्या पाण्यानं ओल्या झालेल्या बोटांतून फोन सुळकन निघाला. धक्का आणि होडी यांच्यामधल्या फटीत नेमका गेला. जाता जाता त्यातून आवाज येत होता, "पुढे? मामा, पुढे काय?"

डुबुक.

होडीवरच्या माणसानं खाली वाकून बघितलं आणि मान हलवली. "गाळ हाय खाली. आता न्हाय मिलनार."

मामा हात तसाच पुढे धरून उभे राहिले. आणि अवदसा बघा, पुढचे आकडे त्यांना तोंडपाठ होते! ऑपरेटरचा डोळा तो, एका नजरेत पूर्ण नंबर उचलणारा. नाइन, थ्री, टू. जिभेवर आलेले, आणि सांगायला फोन नाही.

"हौसाबाई, फोन दे तुझा! लवकर!"

हौसाबाईनं भांडण विसरून कमरेचा फोन काढून दिला. क्षितिजाचा नंबर मामांना पाठ होता, सगळ्यांचेच होते. लावला. रिंग वाजली, वाजली, बंद झाली. पुन्हा लावला. तिनं कापला. हल्लीची पोरं अनोळखी नंबर उचलत नाहीत, त्यांचंही बरोबर आहे म्हणा, दिवसभर कुणी ना कुणी कर्ज घ्या म्हणून छळतं. मामा तिसऱ्यांदा लावणार, तोवर कोड शिळा झाला होता.

"नाइन, थ्री, टू," मामा समुद्राकडे बघून म्हणाले.

"कय बोलता?" हौसाबाईनं विचारलं.

"काही नाही गं."

परत येताना बसमध्ये त्यांना फोन गेल्याचं वाईट वाटत नव्हतं. फोन काय, जुनाच होता. डोक्यात घोळत होत्या त्या निराळ्याच दोन गोष्टी. पोरीची नोकरी आपल्यामुळे अडली, ही एक. आणि दुसरी म्हणजे, तो नंबर गेला तर आता आपल्याला फोन कोण करणार, नि कशासाठी? ही दुसरी भीती पहिलीपेक्षा मोठी होती. म्हणून मामांना स्वतःची शरम वाटली, आणि कितीही हेलपाटे पडले तरी चालतील पण नंबर परत आणायचाच, असं त्यांनी ठरवलं.

घरी येऊन अल्पेशच्या फोनवरून क्षितिजाला व्हॉट्सॲपवर लिहिलं, "मी मामा. फोन समुद्रात पडला. नंबर परत आणतो. काळजी करू नकोस. राहिलेले आकडे नऊ तीन दोन होते." बऱ्याच वेळानं उत्तर आलं. नुसता अंगठा.

दुसऱ्या दिवशी मामा पोलीस ठाण्यात. हवालदार भला माणूस, त्यानं खुर्ची दिली. "काका, एवढ्यासाठी कशाला आलात? आता सगळं ऑनलाइन. हरवल्याची नोंद करायची, मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी येतो."

"कुठे येतो?"

"तुमच्या मोबाइलवर."

"साहेब, तो चौकच्या समुद्रात येईल."

हवालदार इतका हसला की आतून दुसरा बघायला आला. मग दोघांनी मिळून साध्या कागदावर लिहून घेतलं आणि शिक्का मारला. चहाही पाजला. मामांना तिथून उठावंसं वाटेना.

तिथून स्टेशनजवळच्या सिमकार्डच्या दुकानात. काउंटरवर सान्वी नावाची मुलगी, गळ्यात पट्टा, हसतमुख. "काका, आधार आहे ना? मग ओटीपी घेऊया." आधारला जोडलेला नंबर कुठला, तर तोच! मामांनी पुन्हा समुद्राची कहाणी सांगितली. "मग अंगठा लावा," ती म्हणाली. लावला. मशीन लाल. पुसून लावला. लाल. कपाळाला घासून तेलकट करून लावला, कुणीतरी लिंबू चोळायला सांगितलं, तेही झालं. इतकी वर्षं बोर्डाच्या वायरी खुपसून खुपसून बोटांच्या रेषा कधीच झिजल्या होत्या. मशीन मामांचा अंगठा घेईना आणि भाची अंगठ्याशिवाय काही देईना, अशी दोन्हीकडून गंमत.

मामा रोज जाऊ लागले. आज सर्व्हर नाही, उद्या या. आज मॅडम सुट्टीवर, परवा या. शेवटी सान्वीनं मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला. "काका, चेहऱ्यानं करून बघू. इकडे बघा. आता डोळे मिचकावा."

मामांनी डोळे मिचकावले. सत्तरीला टेकलेला माणूस भर दुकानात कोवळ्या पोरीला डोळे मिचकावतोय, मागे रांगेत खसखस पिकली. पण मशीन हिरवं झालं. जगात निदान एका यंत्राला मामांची ओळख पटली होती.

"आता फोन सुरू होईल," सान्वी म्हणाली, "पण नवीन सिमवर एक दिवस मेसेज येत नाहीत हं. फसवणूक होऊ नये म्हणून नियम आहे. फोन मात्र येतील."

हेमालीबेननी अल्पेशचा जुना हँडसेट दिला. मामांनी त्यात सिम घातलं, चार्जिंगला लावलं आणि शेजारी खुर्ची ओढून बसले. मेसेज येणार नव्हते, पण फोन येतील ना? इतक्या दिवसांचं सगळ्यांचं किती काम तुंबलं असेल! अंबूचा गॅस, जितूचं तिकीट. सगळे चिडलेले असणार. आपण ऐकून घ्यायचं, उलट बोलायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. चहा झाला, जेवण झालं, वामकुक्षी मोडून पुन्हा चहा झाला. फोन ढिम्म.

दुसऱ्या दिवशी मेसेज सुरू झाले. पहिला आला तो कर्ज घ्या म्हणून. मग मामांनीच क्षितिजाला फोन लावला. या वेळी तिनं लगेच उचलला, नाव दिसलं ना.

"बाळा, नंबर आला! पाठव आता कोड. सगळा फोन रिकामा ठेवलाय बघ."

"अरे मामा! ते तर त्याच दिवशी झालं. आईकडच्या जुन्या लॅपटॉपवर माझं मेल उघडंच होतं. जितूनं तिथून तुझा नंबर काढून माझा टाकला. कागद पण गेले. तुला सांगितलं नाही का कुणी?"

"नाही गं."

"जितूनं मग सगळ्यांचंच बदलून टाकलं. गॅस, तिकीट, सगळं. आम्हालाच लाज वाटली. किती वर्षं तुला त्रास दिला! सुटलास बघ एकदाचा. चल, मीटिंग आहे. ठेवते."

मामांनी फोन टेबलावर ठेवला. मग अंबूला लावला, ती पण तेच म्हणाली. "सुटलास रे दादा! तुला माझा मेलीचा किती जाच होता. बाथरूममधून बाहेर येऊन आकडे वाचायचास." अल्पेशनं तर दारातच सांगितलं, "अंकल, मैंने भी चेंज कर दिया. टेन्शन खतम!"

सगळे किती भले! एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की बाबा, तुला सुटायचं होतं का? मामांनाही सांगता आलं नाही. सांगणार काय? की मला जाचच बरा होता? माणूस असं बोलला की लोक डॉक्टरकडे नेतात. त्या संध्याकाळी त्यांनी खिचडी टाकली आणि तिच्यात मीठ घालायला विसरले. अळणीच खाल्ली.

आता या दिलेल्या हँडसेटमध्ये मामांचं स्वतःचं खातं उघडायचं राहिलं होतं. ईमेल म्हणजे, त्यांना येतो कुणाचा? पण त्याशिवाय फोन पुढे हलू देईना. त्या वेळी पासवर्ड खरोखरच आठवेना. मामांनी "पासवर्ड विसरलात?" यावर बोट टेकवलं. फोन म्हणाला, शेवटी हे दोन आकडे असलेल्या नंबरवर कोड पाठवलाय. मामांनी आकडे बघितले आणि ओळखले. क्षितिजाचा नंबर! कुठल्याशा दिवाळीला आली असताना तिनंच मामांचं खातं काढून दिलं होतं आणि आपला नंबर टाकला होता.

मामांनी फोन लावला. घसा खाकरला. "बाळा, ओटीपी आला का?"

पलीकडे क्षितिजा खो खो हसत सुटली. "मामा! तू मला ओटीपी मागतोयस? ही तर उलटी गंगा!"

मामाही हसले. तिनं आकडे सांगितले, मामांनी मुद्दाम दोनदा विचारून घेतले. खातं उघडलं. आणि ती रविवारची दुपार असल्यामुळे तिनं ठेवला नाही! फोन समुद्रात कसा पडला ते विचारलं. मामांनी हौसाबाईच्या आवाजासकट सगळं सांगितलं, हवालदार सांगितला, डोळे मिचकावणं सांगितलं. पोरीच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. मग तिनं विचारलं, "जेवलास का रे?" आणि मग म्हणाली, "अय्या मामा, मी घर बदललं ते तुला सांगितलंच नाही ना?"

"नाही बुवा! कधी बदललंस?" मामा म्हणाले, आणि नव्या घराची सगळी हकीकत पहिल्यांदाच ऐकतोय अशी ऐकली. खिडकीतून टेकडी दिसते म्हणाली. पलंग मोठा घेतलाय म्हणाली.

त्या दिवशी मामा संध्याकाळी खाली उतरून बाकावर बसलेल्या लोकांशी बोलले. वॉचमनला चहा पाजला. नवा पासवर्ड तर ते आता जन्मात विसरणार नव्हते, कारण त्यांनी तो ठेवला होता क्षितिजाच्या नावाचा.

आणि पुढच्या रविवारी, दुपारची भांडी घासून, हात पुसून, मामा खुर्चीत बसले आणि त्यांनी "पासवर्ड विसरलात?" यावर पुन्हा बोट टेकवलं.

ज्यानं बोर्डावर बसून कधी कुणाचं चोरून ऐकलं नाही, तो माणूस भाचीच्या आवाजासाठी चोरी करायला लागला. "विसरलो गं. वय झालं." तीही बिचारी कोड द्यायची, दोन शब्द बोलायची. एकदा स्वयंपाक करता करता बोलली, कढईचा आवाज येत होता. एकदा गाडीत होती, नुसतेच आकडे दिले नि ठेवला, तरी मामांचा रविवार साजरा झाला. दर वेळी ते नवा पासवर्ड ठेवायचे, पण नाव तिचंच, पुढे एक आकडा वाढवून.

पण चोरी ती चोरी. तिसऱ्या की चौथ्या खेपेला क्षितिजा म्हणाली, "मामा, हे बरोबर नाही हं."

मामा खुर्चीतून उठलेच. कळलं वाटतं हिला!

"मी मीटिंगमध्ये असले आणि तुला अर्जंट लागलं तर? तुझं काम माझ्यावाचून अडायला नको. थांब, व्हिडिओ कॉल करते. मी सांगते तसं कर."

आणि काय सांगावं, ती तब्बल अर्धा तास मामांसमोर बसली! केस वर बांधलेले, हातात कॉफी, मागे ती खिडकी आणि खरंच टेकडी. "तिथे गोल चाक दिसतंय ना? त्यावर दाब. नाही रे, वरचं. हां, शाब्बास." मामा दाबत गेले. तिचा चेहरा बघण्याच्या नादात आपण काय दाबतोय याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. दोनदा मुद्दाम चुकीचं दाबलं, वेळ वाढावा म्हणून. ती एकदाही चिडली नाही. किती गोड पोर! लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून हेडफोनची वायर चावायची.

"झालं!" ती टाळी वाजवून म्हणाली. "माझा नंबर काढला, तुझाच टाकला. आता कोड तुझा तुलाच येणार. माझी गरजच नाही तुला!"

मामांनी ऐकलं. चेहरा हसरा ठेवला, कारण कॅमेरा चालू होता.

"वा," ते म्हणाले. "छान झालं गं."

"चल मग. काळजी घे. ठेवते."

मधला आठवडा कसा गेला ते विचारू नका. मामा चौकला गेले नाहीत. हेमालीबेननी ढोकळा आणून दिला, तो दोन दिवस पुरवला. फोन खिशातच होता, आवाज मोठाच होता. एकदा वाजला, तर "हिंदीसाठी एक दाबा" म्हणणारी बाई. मामांनी तिचं पूर्ण ऐकून घेतलं.

रविवार आला. भांडी झाली. मामांनी हात पुसले, खुर्ची ओढली, चष्मा लावला. पासवर्ड पाठ होता. तरी त्यांनी "पासवर्ड विसरलात?" यावर बोट टेकवलं.

तळहातातच फोन थरथरला. कोड आला होता. ज्याचा त्याला.

 घरात पंखा फिरत होता. मामांनी घसा खाकरला, पाठ ताठ केली, आणि बोर्डावर बसल्यासारखं खणखणीत, जोडीजोडीनं वाचलं, "एकोणऐंशी. तेवीस. एकोणसाठ."

आता एकोणसाठ म्हटलं तरी चुकणारं कुणी नव्हतं.

ते थांबले. सवयच ती, पलीकडून उत्तर आल्याशिवाय लाइन तोडायची नाही. बराच वेळ थांबले. मग हळूच, स्वतःच म्हणाले, "झालं. ठेवतो."